कानात सांगितलेली पानं

तीन पत्ती मला अक्काने शिकवली. अक्का म्हणजे आमच्या क्वार्टरच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. नात्याची कोणी नव्हे, पण माझ्याहून वयाने बरीच मोठी, म्हणून अक्का. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं आणि मग माझ्याकडून काही नीट सांगून होत नाही.

नव्वदीनंतरची ती वर्षं. आम्ही राहुरी तालुक्यात एका साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. नवरा बॉयलरवर होता. हंगाम सुरू झाला की मळीचा वास घरातून हलायचा नाही आणि दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर काजळी येऊन बसायची. सकाळची कामं आटोपली, पुरुष पाळीवर गेले, मुलं शाळेत पोचली, की दुपार रिकामी. कोणी स्वेटर विणायची, कोणी टीव्ही लावून त्याच्यासमोर घोरायची. आम्ही चौघी पत्ते कुटायचो.

आम्ही कॉलनीत नवीन आलो तेव्हा तोंडावर कोणी वावगं बोललं नाही. आम्ही बौद्ध, हे दारावरच्या आडनावावरून सगळ्यांना कळलेलं होतं. चहाला बोलावलं की ‘आत्ताच झाला हो’ म्हणणाऱ्या मात्र पुष्कळ निघाल्या. वेळी-अवेळी एवढा चहा त्या घराघरांत कधी होत होता कोण जाणे. अक्का पहिल्याच आठवड्यात आली, ओट्यावरची कपबशी स्वतःच विसळून पुढे केली आणि म्हणाली, “साखर जादा टाक गं. कारखान्यावर ऱ्हाऊन कशापाई जीव मारायचा?” त्या दिवसापासून ती माझी झाली. मला तरी तसं वाटलं.

तिचं माहेर पाथर्डीकडचं, कोरडवाहू. आईबाप दरसाल ऊसतोडीला यायचे, ती त्यांच्या पाचटाच्या कोपीतच वाढली आणि पत्तेही तिथेच शिकली. नवरा फिटर. पदरात मूलबाळ नव्हतं. या विषयावर ती बोलायची नाही आणि कोणी काढला तर सरळ उठून जायची.

आमच्यातल्या उरलेल्या दोघींपैकी एक कॉलनीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई. टाइमकीपरची बायको, शांत, कोणाच्या अध्यात न मध्यात. दुसरी केमिस्टीणबाई. माहेर नेवाशाचं, नवरा केमिस्ट म्हणून आम्ही हे नाव पाडलेलं, आणि तिला ते आवडायचंही. साडीची घडी कधी मोडायची नाही. आमच्याबरोबर सतरंजीवर बसली तरी जरा वर बसल्यासारखी दिसायची.

पैसे लावून खेळायची आमची कोणाचीच छाती नव्हती. चिंचोके लावायचो. प्रत्येकीला वाटीभर चिंचोके. खेळ सोपा: प्रत्येकीला तीन पानं. न बघता खेळलीस तर ब्लाइंड, थोडे चिंचोके टाकायचे. पानं बघून खेळलीस तर चाल, दुप्पट टाकायचे. जमत नसेल तर पॅक, म्हणजे पानं पालथी ठेवून गप्प बसायचं. शेवटी दोघी उरल्या की एकीने शो मागायचा आणि मोठी पानं जिच्याकडे तिने मधला ढीग ओढायचा.

तिघी खेळत असताना शो मागता येत नाही. तेव्हा साईड शो असतो. आपल्या आधी जिने चाल केली तिला म्हणायचं, दोघींची पानं ताडून बघू, जिची लहान तिने पॅक करायचं. इतर ठिकाणी दोघी एकमेकींना पानं दाखवतात. आम्ही एका सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसणाऱ्या, पान उघडलं की चौघींना दिसणार. म्हणून आमच्यात पानं कानात सांगायची पद्धत पडली. आणि पॅक केलेली पानं नंतर कोणी उघडून बघायची नाहीत, हाही नियम. बघणं म्हणजे शेजारणीला खोटं पाडणं. इतक्या वर्षांत कोणी कानात खोटं सांगितलं नव्हतं. निदान पकडलं कोणी गेलं नव्हतं.

अक्काचं शिकवणं जगावेगळं होतं. पत्त्यांबद्दल ती फारसं बोलायचीच नाही. “पानं बघायची घाई करू नगं,” म्हणायची, “ती काय पळून जात्यात व्हय? आधी समोरचीचं हात बघ. तोंड लई खोटं बोलतं. हातांना तेवढं जमत न्हाई.” मी हरून चिडले की माझी पानं स्वतःच पालथी करायची. “राग आलाय न्हवं? मंग ह्यो डाव सोड. रागात खेळशील तर पुढचाबी घालवशील.” आणि एक गोष्ट तिने माझ्या डोक्यात अगदी ठोकून बसवली: “मधी गेलेला चिंचोका तुजा न्हाई. त्याच्यामागं दुसरा धाडायचा न्हाई.” मला ते लवकर जमलं. वर्षभरात मी अशी तयार झाले की अध्यक्षीणबाई म्हणायच्या, हिच्यासमोर बसायचं म्हणजे भीतीच वाटते बाई.

मग एका हिवाळ्यात पंचायत समितीकडून मंडळाला निरोप आला. बालवाडी शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला कॉलनीतून एक नाव द्यायचं होतं. सहा महिने रोज नगरला एसटीने जाऊन-येऊन शिकायचं आणि परत आल्यावर कॉलनीत निघणारी बालवाडी तिनेच चालवायची. अट दहावी पासची.

मी बारावी पास होते. माझ्या वडिलांनी लग्नाच्या बोलणीत जावयाकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती: पोरीला नोकरी मिळाली तर अडवायचं नाही. नवराही शब्दाला जागणारा होता. “नाव लागलं तर जा,” एवढंच म्हणाला आणि जेवायला बसला. माझं मात्र त्या रात्री जेवणात लक्ष नव्हतं. घराबाहेर माझं स्वतःचं काहीतरी असेल, सकाळी मीही आवरून निघेन, ओळीत बसलेली पोरं मला बाई म्हणतील, हे सगळं दिसायला लागलं होतं. अशी संधी कॉलनीत पुन्हा येणार नव्हती. बालवाडी एकच निघणार होती.

केमिस्टीणबाईनेही नाव दिलं. ती दहावी पास. शिक्षण बघितलं तर माझा हक्क आधी, पण अध्यक्षीणबाईंच्या घशातून ते वाक्य निघेना. केमिस्टाच्या बायकोला नाही कोण म्हणणार? चिठ्ठ्या टाकू म्हणावं, तर आधीच्या वर्षी हळदीकुंकवाच्या भांड्यांवरून चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा एका चिठ्ठीचा कोपरा मुद्दाम दुमडलेला निघाला होता आणि त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद पडलं होतं. पुरुषांकडे न्यावं, तर ते पाळी सुटल्यावर चावडी भरवल्यासारखे बसले असते. तेव्हा अक्का हसत हसत म्हणाली, “चिंचोक्यांवर ठरवा की. तिथं कुनाला लबाडी करता येत न्हाई.” सगळ्या हसल्या, आणि हसता हसता तेच ठरलं. आज कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. नोकरीची जागा पत्त्यांवर! पण आमच्या त्या चार क्वार्टरांत त्याहून विश्वासाची दुसरी जागा नव्हती.

अक्काही दहावी पास होती, तिने आपलंही नाव घातलं. मला ओट्यापाशी गाठून हळूच म्हणाली, “दोघीच खेळलात तर नुसतं नशीब हुतं. तिघी असलो म्हंजी खेळ हुतो. मी जिंकले तर तुजंच नाव सांगनार. मला त्या नगरात जाऊन काय करायचंय?” याला कोणी संगनमत म्हणावं तर खुशाल म्हणावं. ज्या जागेवर माझा हक्कच होता ती पत्त्यांवर लावायची वेळ ज्यांनी आणली, त्यांनी मला न्याय-अन्याय शिकवू नये.

दुपारी जेवणं झाल्यावर माझ्याच घरी सतरंजी टाकली. अध्यक्षीणबाई खेळणार नव्हत्या, फक्त पानं वाटणार होत्या. चारचा भोंगा होईल तेव्हा जिच्यापुढे जास्त चिंचोके ती जिंकली, असं ठरलं. भोंगा वाजला तेव्हा चालू असलेला डाव बाद. माझ्यानंतर अक्काची पाळी, तिच्यानंतर केमिस्टीणबाईची.

मी खूप चांगली खेळले. हे मी स्वतः सांगते, कारण दुसरं कोणी सांगणारं नाही. पहिला बराच वेळ मी नुसती पॅक करत होते आणि केमिस्टीणबाईचे हात बघत होते. चांगली पानं आली की ती गप्प व्हायची, पदर सारखा करायची आणि चिंचोके एकेक करून मोजून ठेवायची. पानं फुसकी असली की मूठ भरून दण्णकन आपटायची आणि तोंडाची टकळी सुरू: मुलांचे डबे, सासूचे गुडघे, नेवाशाच्या भावाचा नवा टेम्पो. एकदा हे ध्यानात आलं आणि मग मी तिच्या दोन मुठी गिळल्या. तिसऱ्यांदा माझ्याकडे जोडी असून मी सोडून दिली, कारण ती पदर सारखा करत होती. तेव्हा अक्काने गुडघ्याने माझ्या गुडघ्याला हळूच ढोसलं. शाबासकीच ती.

भोंगा व्हायला आला तेव्हा अक्कापुढे थोडेच चिंचोके उरले होते. माझे आणि केमिस्टीणबाईचे जवळजवळ सारखे, तिचे जरासे जास्त. म्हणजे तिने नुसता वेळ काढला तरी तिचं काम होणार होतं. मला एक डाव जिंकायलाच हवा होता आणि तो भोंग्याच्या आत संपवायलाही हवा होता.

अध्यक्षीणबाईंनी वाटलं. मी ब्लाइंड टाकला, अक्कानेही, केमिस्टीणबाईनेही. पुढच्या फेरीला मी पानं उचलली. इस्पिकची नव्वी, बदामची दश्शी, किलवरचा गुलाम. ओळीने तीन पानं, सिक्वेन्स. दुपारभरात मला आलेली सर्वांत चांगली पानं. हात हलू दिला नाही. चाल केली. अक्काने पानं बघून चाल केली. केमिस्टीणबाईने पानं बघितली आणि मूठ आपटली, दण्णकन.

“अगंबाई, आमच्या धाकट्याचा डबा आज परत तसाच आला,” ती म्हणाली.

मला कळलं. काही नव्हतं तिच्याकडे. जागा माझी होती, फक्त हात पुढे करायचा होता. पण तिघी खेळत होतो, शो मागता येत नव्हता, आणि ती बया डब्यातल्या भाजीचं सविस्तर वर्णन करत बसली होती. मी मूठ टाकली.

अक्का म्हणाली, “साईड शो.”

साईड शो नाकारता येतो. मी नाकारू शकले असते. त्या क्षणी मी काय विचार केला तो मला शब्दन्‌शब्द आठवतो, कारण नंतर मी तो शंभरदा उलटून-पालटून बघितला आहे. तिघी राहिलो तर फेऱ्या चालत राहणार आणि भोंगा होणार. दोघींतली एक बाजूला झाली तर दुसरीला लगेच शो मागता येणार. माझी पानं मोठी असतील तर मी मागेन, अक्काची मोठी असतील तर ती मागेल आणि नाव माझंच सांगेल. दोन्हीकडून जागा माझी. या विचारात मला आजही चूक सापडत नाही. मी हो म्हटलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

“नव्वी, दश्शी, गुलाम.”

मग ती माझ्या कानात म्हणाली, “रानी, राजा, एक्का. ठेव खाली.”

मी पानं पालथी ठेवली. हरल्यासारखं तर सोडाच, उलट खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आता माझं मलाही काही करायचं नव्हतं. अक्का होती.

केमिस्टीणबाईने आणखी एक मूठ टाकली, या वेळी बोलता बोलता तिचा आवाज जरा चिरकला. मी अक्काकडे बघितलं. माग शो. माग ना. अक्का आपल्या पानांकडे बघत राहिली, मग पानं गुडघ्यापाशी पालथी घातली.

“न्हाई बाई. मी पॅक.”

केमिस्टीणबाई क्षणभर बघतच राहिली, मग तिने दोन्ही हातांनी ढीग ओढला. तो ओढत असतानाच भोंगा झाला. भोंगा झाला की कॉलनीतल्या प्रत्येक बाईला चहाचं आधण ठेवायचं असतं. सगळ्या लगबगीने उठल्या. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, चला, झालं एकदाचं, वाद नको होता. केमिस्टीणबाईने माझा हात दाबला आणि ‘वाईट वाटून घेऊ नका हं’ म्हणाली. अक्का माझ्याकडे न बघता चपला घालून निघून गेली.

सतरंजी माझी, आवरायचीही मीच. मला वाटत होतं, घाबरली बिचारी. एक्का-राजा-राणी हातात असून ऐनवेळी कच खाल्ली. सगळ्यांच्या नजरा एकदम अंगावर आल्या की होतं असं. मी मनातल्या मनात तिला माफसुद्धा करून टाकलं होतं. मग तिच्या जागेवरची तीन पानं उचलली आणि नियम मोडून उलटी केली.

चौकटची सत्ती. किलवरची चौकी. बदामची दुर्री.

नवरा आत आला तेव्हा मी तशीच बसलेली होते. तो म्हणाला, काय झालं, मी म्हटलं, नाही लागलं नाव. त्याने वाईट वाटल्याचा चेहरा केला, आणि मग विचारलं, चहा?

संध्याकाळी मी अक्काच्या दारात गेले. ती सुपात बाजरी पाखडत होती. मी आत गेले नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हटलं, “सत्ती, चौकी, दुर्री.”

सूप थांबलं. मला वाटलं होतं ती नाकारेल, रडेल, निदान देवाची शपथ घेईल. आणि खरं सांगते, तिच्या नवऱ्याच्या बढतीसाठी तिने केमिस्टीणबाईला जिंकवलं असतं तर मला कळलं असतं. मी शिव्या घातल्या असत्या, पण कळलं असतं. पोटासाठी माणसं एकमेकांना विकतात, त्यात नवल नाही.

ती म्हणाली, “तू रोज नगरला गेली असतीस. मंग दुपारचं मी काय भिताडाशी बोलले असते व्हय? तुला पोरं हायेत, मानूस हाय. मला कोन हाय गं? तू हायेस म्हनून ही कॉलनी कॉलनी वाटती.”

“मग तसं मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर थांबली असतीस?”

“नसते थांबले.”

“मंग?” ती म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली.

मला इतका राग कधीच कोणाचा आला नव्हता. तो तिच्या खोट्याचा नव्हता. माझं आख्खं आयुष्य तिने स्वतःच्या दुपारच्या दोन तासांसाठी मोडून ठेवलं होतं, आणि वर त्याला माया म्हणत होती. माझ्याशी चहा पिणारी कॉलनीतली पहिली बाई. तिच्याकडून मला काही लपवायचं नव्हतं, म्हणून तिच्या हातांकडे मी दुपारभर एकदाही बघितलं नव्हतं.

केमिस्टीणबाई प्रशिक्षणाला गेली. जूनमध्ये बालवाडी सुरू झाली. माझी धाकटी तिच्याकडेच शिकली, घरी येऊन गाणी म्हणायची. बाई वाईट नव्हती हो, तेही दुखणंच. तिच्या शिकवण्यात मला नावं ठेवायला जागा सापडेना.

पत्ते मी पुन्हा हातात धरले नाहीत. अक्का मात्र कित्येक महिने दुपारी न चुकता भिंतीवर थाप मारायची आणि पलीकडून हाक द्यायची, “येतीस का गं?”

“काम आहे मला,” मी आतून ओरडायचे.

भांडी घासून झालेली असायची, कपडे वाळत पडलेले, पोरं शाळेत. मी खाटेवर बसून तिची दुसरी थाप ऐकायचे, मग तिसरी. काम मला काहीच नसायचं. तेच तर तिने घेतलं होतं.